तेलाचा हँडब्रेक

थोरला भाऊ गेल्यावर त्याची जीप मी विकायला काढली. ती पाहायला गंगाखेडचे एक गृहस्थ आले. त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. त्यांनी दार पुन्हा पुन्हा लावून पाहिले, चटई उचलून पत्रा नखाने खरवडला, इंजिनचे तेल बोटावर घेऊन हुंगले. मग हँडब्रेकपाशी थबकले. भावाने वायरचा काढून तिथे स्वतःच्या हाताने तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक ब्रेक बसवला होता.

"वायर ढिली पडली की हाताला कळती, सर. तेल कवा गळंल, कुणाला कळतंय?"

"भावाचं काम पक्कं असायचं," मी म्हणालो.

"मग व्हा की म्होरं उभे."

नदीकडच्या उतारावर त्यांनी जीप खाली तोंड करून उभी केली, हँडब्रेक ओढला, गिअर काढला आणि पायाच्या ब्रेकवरचा पाय उचलला. मी समोर बंपरला गुडघे टेकवून उभा राहिलो. ते आत बसून तंबाखू मळत होते, पण नजर माझ्यावरच होती. जीप हलली नाही. तंबाखू मळून झाली, तरी मीही हललो नाही.

ते गाडी गिअरमध्ये टाकूनच उतरले आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

"एक विचारू? भावावर भरवसा हाय म्हून उभे ऱ्हायलात, का जिवाची फिकीरच न्हाई?"

मी किल्लीसाठी हात पुढे केला, तर त्यांनी ती खिशात टाकली.

"बाजूला बसा. घरी सोडतो तुमाला."