तोंडी परीक्षा आणि दोनची ड्यूटी

विकास हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. जन्मभर हाच विषय शिकवून पोट भरलेल्या बाईनं असं म्हणू नये, पण फिरतं त्याला काय करू?

साठच्या दशकात मी दुर्गच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. विभागात माणसं दोनच, विभागप्रमुख आणि मी. त्यामुळे एम.ए.चे सूक्ष्म अर्थशास्त्र, आंतरराष्ट्रीय व्यापार आणि आर्थिक विकास हे तिन्ही पेपर माझ्याच गळ्यात पडलेले. पलीकडे भिलाईत पोलादाच्या भट्ट्या एकामागून एक उभ्या राहत होत्या, शेतं जाऊन क्वार्टर्स येत होते, आणि मी वर्गात व्यापाराच्या सिद्धांतातलं इंग्लंडचं कापड देऊन पोर्तुगालची दारू घेत बसले होते. पुस्तकात तेच होतं. पुस्तकाबाहेरचं काही बोलले की प्रमुख म्हणत, "मॅडम, सिलॅबस."

वर्गात प्लांटमध्ये नोकरी करणारा एकच विद्यार्थी होता. भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातला, बायकोसह भिलाईतल्या खुर्सीपारला एका खोलीत राहणारा. भट्टीवर काम. रात्रपाळी झाली की तसाच सायकल मारत वर्गात यायचा. आगीसमोर राहून त्याचे डोळे बिघडत चालले होते, सारखं पाणी यायचं. डॉक्टरनं आगीपासून लांब राहायला सांगितलं होतं. लांब म्हणजे कुठं, हे डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. त्यानंच ठरवलं होतं, एम.ए. व्हायचं आणि कॉलेजात शिकवायचं. लेखी पेपर चांगले गेले होते. राहिली होती फक्त तोंडी परीक्षा. तिला जो गैरहजर, तो नापास, आणि मग सगळे पेपर पुन्हा.

परीक्षेची वेळ सकाळी दहाची. परीक्षक बाहेरगावाहून आदल्या रात्री येऊन उतरलेसुद्धा होते. पण त्या काळात आमच्याकडे एक रीतच पडली होती. बाहेरून कोणीही येवो, शाळातपासनीस असो की कोणाचा व्याही, त्याला आधी प्लांट दाखवायचा. प्रमुखांनी पास काढून ठेवला होता. सकाळीच ते परीक्षकांना जीपमध्ये घालून धगधगतं लोखंड दाखवायला घेऊन गेले.

दहा वाजून गेले, अकरा वाजून गेले. पोरं व्हरांड्यात ताटकळत उभी. बारा वाजल्यावर तो माझ्याकडे आला.

"बाई, मले दोनची ड्यूटी आहे. आता निघा लागते."

"एक दिवस उशीर झाला तर काय होईल?" मी चिडूनच विचारलं.

"माह्या आधीचा माणूस भट्टीवर अडकते, बाई. मी गेल्याशिवाय त्याले जागा सोडता येत नाही. सकाळपासून आगीपुढं उभा आहे तो."

बदली करून द्यायला त्यानं दोघातिघांना विचारलं होतं, पण त्या दिवशी कोणी मोकळं नव्हतं. मी प्राचार्यांकडे धावले. म्हटलं, मी याची परीक्षा आत्ता घेते, साहेब आले की त्यांना सांगू. प्राचार्य म्हणाले, बाहेरचे परीक्षक असल्याशिवाय होत नाही. म्हटलं, मग बाहेरच्या परीक्षकांना शोधून आणा. ते हसले. मी परत आले तेव्हा तो सायकलवर टांग टाकत होता. 

तो गेल्यावर बऱ्याच वेळानं जीप आली. परीक्षकांच्या बुटांवर लाल धूळ होती आणि चेहरा लग्नघरातून आल्यासारखा खुललेला. "काय ते दृश्य! काय ती माणसं!" त्यांचं संपेना. जेवण झालं, पान झालं, मग परीक्षा. पहिल्या मुलाला त्यांनी विचारलं, शेतीतला जादा मजूर कारखान्यात जातो तेव्हा काय होतं? पोरगं छताकडे बघत राहिलं. दुसऱ्याला तेच, तिसऱ्यालाही तेच.

त्याचं नाव पुकारलं तेव्हा प्रमुखांनी लिहिलं, गैरहजर.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गैरहजर तुम्ही होतात," मी म्हटलं. "तो दहापासून इथं उभा होता. आता तुम्ही जी माणसं बघून आलात, त्यातल्याच एकाला सोडवायला गेलाय."

परीक्षकांनी प्रमुखांकडे पाहिलं. प्रमुख हिंदीत म्हणाले, "मॅडम ज़रा भावुक हैं." भावुक! मी गुणांच्या कागदावर सही केली नाही. माझ्या सहीवाचून कोणाचं काही अडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खुर्सीपारला गेले. बायको त्याचा डबा भरत होती. त्याला सांगितलं, तुझ्या नावापुढं गैरहजर लिहिलंय. तो रागावेल, मला दोन शब्द सुनावेल, असं वाटलं होतं. निदान तेवढं तरी करायला हवं होतं त्यानं. बायको मात्र हातातला डबा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"बाकीच्याइले काय विचारलं, बाई?" त्यानं एवढंच विचारलं.

मी सांगितलं.

फडक्यानं डोळे पुसत तो म्हणाला, "हे तं मले येत होतं." मग तिच्या हातातून डबा घेतला आणि ड्यूटीवर गेला.