अखंड दिव्याचे तेल

नाल्याच्या चढावर गाडी तिसऱ्यांदा अडली, तेव्हा मी देवीला नको ते बोललो. डॉक्टर असलो तरी देवपूरच्या एकवीरेवर माझी लहानपणापासून श्रद्धा. पण त्या दुपारी भर रस्त्यात मी म्हणालो, "आई, तुझं माझं आता काही राहिलं नाही." पारोळ्यापलीकडच्या खेड्यात माझ्या अक्काची सहा वर्षांची मुलगी घटसर्पाने तळमळत होती. सकाळी निरोप आला. धुळ्याच्या दवाखान्यातून मी टोचायच्या औषधाच्या कुप्या मिळवल्या, आणि सर्व्हिस मोटार संध्याकाळपर्यंत नव्हती म्हणून माझी जुनी मोटारसायकल काढली. औषध वेळेत टोचले तर मूल हाती लागते. उशीर झाला तर मी डॉक्टर असून उपयोग काय?

गाडी लढाईनंतर लष्करी लिलावात घेतलेली. इंजिन गर्जत होते, पण चाक काही ओढत नव्हते. मागच्या चाकाची साखळी सैल पडली असे वाटून मी दोनदा उतरून ती ताणली, अगदी तारेसारखी ताठ केली. त्याने गाडी आणखीच कुरकुरू लागली. देवीवर राग धरण्याचे कारण वेगळेच होते. नवरात्रातल्या अखंड दिव्याचे उरलेले तेल आमच्याकडे टाकत नाहीत. कोणी गुडघ्याला लावते, कोणी पोराच्या टाळूला. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालून ते सगळे तेल मी इंजिनालगतच्या साखळीच्या डब्यात काठोकाठ ओतले होते. आता ही कधी दगा देणार नाही, असे घरात सांगितलेही होते.

हताश होऊन मी बसलो होतो, तोच कापसाने भरलेली बैलगाडी आली. वर एक वयस्क गृहस्थ बसले होते. पारोळ्याच्या एका कापसाच्या जिनातले ते फिटर. गाडीवान त्यांना चाचा म्हणत होता. खेड्यातले एक तेलाचे इंजिन दुरुस्त करून, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन ते परतत होते. माझी कथा ऐकून ते खाली उतरले.

"गियर टाका, मांगला ब्रेक दाबी धरा, आनि क्लच हळू सोडा," ते म्हणाले. मी तसे केले. इंजिन बंद पडायला हवे होते, ते आपले गर्जतच राहिले. "साखळी म्हतारी शे, पन गुन्हा तिना नही. क्लच घसरस."

त्यांनी साखळी थोडी सैल केली, मग इंजिनालगतच्या त्याच डब्याचे झाकण काढले; क्लच त्यातच बसवलेला. तबकड्या झिजून गुळगुळीत झालेल्या, आणि वर तेलाने न्हालेल्या. चाचांनी बोट बुडवून वास घेतला. "इतलं तेल कोनी टाकं?"

"धुळ्याच्या मिस्त्रीने," मी बेधडक खोटे बोललो.

त्यांनी पुन्हा वास घेतला. "हाई ते दिवानं तेल शे, डाक्टरसाहेब."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी सगळे कबूल केले. ते हसले नाहीत. कानावरची विडी तशीच ठेवून त्यांनी पेट्रोलने तबकड्या धुतल्या, गाडीवानाने पोत्यातून काढून दिलेल्या मूठभर कापसाने पुसल्या, नाल्यावरच्या पुलाच्या दगडावर घासल्या आणि क्लचच्या तारेला जरा ढील दिली. म्हणाले, "जिनमा पट्टावर तेल पडनं का पट्टा घसरस. तेल चांगलं शे, पन दिवामा."

मी हात जोडून म्हणालो, "देवीनेच तुम्हाला धाडलं."

"माले काय माहीत? मनी ते मोटार चुकनी," ते म्हणाले. "तुम्ही निघा. पोर वाट पाहत व्हई."

गाडी चढ सरळ चढून गेली. दिवस मावळायच्या आत मी भाचीला औषध टोचले. ती रात्र अक्का आणि मी तिच्या श्वासाकडे कान लावून बसलो. पहाटे तिने पाणी मागितले, आणि मी, रोज आजारी माणसे पाहणारा, ओट्यावर जाऊन ढसाढसा रडलो.

आठवड्याने पेढे घेऊन मी जिनात गेलो. चाचांनी पेढ्यांकडे पाहिलेसुद्धा नाही, आधी विचारले, "पोर बरी शे ना?" बरी आहे म्हणताच ते डोक्यावरची टोपी सारखी करत पाठमोरे झाले.

देवीने त्यांना धाडले की त्यांची मोटार चुकली, याचा वाद मी कोणाशी घालत नाही. एवढे खरे की माझ्या निष्काळजीपणाला मी भक्ती म्हणत होतो, आणि देवीला बोल लावल्यावरही माझ्यासाठी कोणीतरी वाटेत उतरले. आता दर महिन्याला मी झाकण उघडून क्लच तपासतो. ते माझे काम. जे माझ्या हातचे नाही, ते तिच्या पायाशी ठेवतो. नवरात्रात भाची आमच्याकडे येते. अखंड दिव्यात तेल घालायचा मान तिचा. ती घालते, आणि मी मागे उभा राहून तिचा श्वास ऐकतो.