शेपटीला लिंबू

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा मला हेवा वाटत होता, हे आधीच सांगून टाकते. माणूस वाईट नाही. उलट फार चांगला आहे, आणि पंचाईत तीच होती. वाईट असता तर आबांना तो आवडला नसता आणि मला विमान बांधायची वेळ आली नसती.

आबा म्हणजे माझे वडील. उभा जन्म मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेला. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. सकाळी त्यांच्या गोळ्या काढून ठेवते, संध्याकाळी मासे साफ करते, सुट्टीच्या दिवशी त्यांच्या शर्टांना इस्त्री करते. या सगळ्याबद्दल आबांनी मला कधी 'बरं केलंस' म्हटलेलं नाही. आमच्या घरात तशी पद्धतच नाही, असं मी स्वतःला समजावत आले होते. मग जावई बदली होऊन रत्नागिरीत आले, त्यांनी रिमोटवर उडणारं एक लाल विमान आणलं, आणि पद्धत होती, फक्त माझ्यासाठी नव्हती, हे मला कळलं.

दर रविवारी ओहोटी बघून जावई आबांना गाडीत घालून भाट्याच्या किनाऱ्यावर नेऊ लागले. मागच्या सीटवर मी आणि फोल्डिंगची खुर्ची. ओली वाळू घट्ट असते, तिच्यावरून ते लाल विमान सुसाट धावायचं आणि सुरूच्या झाडांच्या वर जायचं. त्याने हवेत कोलांटी मारली की आबा खुर्चीतून अर्धे उठून ओरडायचे, "वा जावई, वा!" ती खुर्ची वाळूतून मी उचलून आणलेली असायची. पाण्याची बाटली माझ्या हातात, कानटोपी माझ्या पिशवीत. माझा नुसता जळफळाट व्हायचा. घरी आल्यावर मी भांडी जरा जास्तच आपटत असे, आणि आबा बाहेरून विचारत, "काय गो, भांड्यांवर कसला राग?"

अशाच एका रविवारी मी ठरवलं, आपणही विमान आणायचं. उडवायची हौस वगैरे काही नव्हती. विमानाचं मला काही पडलेलंच नव्हतं. आबांनी एकदा माझ्यासाठी खुर्चीतून उठावं, एवढंच मला हवं होतं.

मधल्या सुट्टीत डबा खाता खाता मी मोबाईलवर विमानं बघायला लागले. पहिलं विमान कोणतं घ्यावं यावर माणसं इतक्या पोटतिडकीने भांडत असतील, याची मला कल्पना नव्हती. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. पहिलं विमान संथ हवं, त्याचा पंख डोक्यावर हवा आणि पंखाची दोन्ही टोकं किंचित वर उचललेली हवीत. असं विमान गोंधळलं तरी आपलं आपण सरळ होतं म्हणे. दिसायला ते अगदीच गरीब होतं. मला हवं होतं जावयांच्या विमानाचं नाक कापणारं काहीतरी. एक लढाऊ विमान मनात भरलंही होतं, त्याच्या नाकावर मुशीचं, म्हणजे शार्कचं, दात विचकलेलं तोंड रंगवलेलं होतं. ते मी आबांना दाखवलं.

"मुशीला पंख?" आबा हसले. "मग जाल्यात कशी गावायची ती?"

ते हसले म्हणून मला हुरूप आला. मी त्यांच्या शेजारी बसून आणखी चार-पाच विमानं दाखवली आणि विचारलं, "यातलं कुठलं घेऊ, आबा?"

"मला काय इचारतेस? जावयांना इचार. तेंना कलतं."

मी मोबाईल बंद केला आणि आमटीला फोडणी घातली. त्या दिवशी आमटी तिखट झाली.

जावयांना मी विचारणं शक्यच नव्हतं. पण बहिणीमार्फत त्यांचं मत आलंच: "ताईंना म्हणावं फोमचं घ्या. पडलं तरी चिकटवता येतं." म्हणजे माझं विमान पडणार, हे त्यांनी आधीच गृहीत धरलं होतं! झालं, फोम तिथल्या तिथे बाद. ते डब्यातून तयार निघतं, अर्ध्या तासात जोडून होतं, तसलं मला नकोच होतं. मी बाल्साचं घेतलं. बाल्सा म्हणजे कागदासारखं हलकं लाकूड. त्याच्या पातळ पट्ट्या आणि फासळ्या एकेक करून चिकटवायच्या, वर प्लास्टिकचा पापुद्रा इस्त्रीने बसवायचा. आकाराच्या बाबतीत मात्र मी अक्कल गहाण टाकली नाही. मुशीचा मोह सोडला आणि ते डोक्यावर पंख असलेलं गरीब विमानच मागवलं, कारण जावयांच्या डोळ्यांदेखत उलटं पडलेलं मला चाललं नसतं. फक्त पंख त्यांच्या विमानापेक्षा वीतभर लांब आहे, एवढं बघून घेतलं.

खोका आला तेव्हा आबांनी पेपर खाली केला नाही. पण मी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून फासळ्या उभ्या करायला लागले, तशी त्यांची खुर्ची हळूहळू टेबलाकडे सरकायला लागली. "ही तर होडीच," एक दिवस ते म्हणाले. "आधी फासल्या, मग वरचा आंग." त्यानंतर डिंक वाळेपर्यंत पट्टी धरून बसायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. ते दिवस चांगले गेले.

नाही म्हणायला जावई एकदा येऊन गेले. त्यांनी पंख डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, "ताई, पंखाला पीळ पडलाय. इथल्या दमट हवेने."

"बघ," आबा म्हणाले, "तरी मी सांगत होतो, जावयांना इचार."

मी ओठ आवळून इस्त्री तापवली आणि तो पीळ काढला. शर्टांच्या कॉलरी उगाच नाही सरळ केल्या इतकी वर्षं.

उडवायचा सराव मी कॉम्प्युटरवर केला. विमानाचा तोलही नीट बघितला. पंखाखाली ठरलेल्या जागी दोन बोटांवर उचललं की विमान आडवं राहायला हवं. शेपूट खाली झुकलं तर ते हवेत हाताबाहेर जातं. बॅटरी पुढेमागे सरकवून मी तोल अगदी बरोबर जमवला होता.

आणि मग त्या रविवारी भाट्याला, मी विमान वाळूवर ठेवलं तेव्हा, आबांनी आपल्या पिशवीतून नारळ काढला. कुंकवाची पुडी काढली. काळ्या दोऱ्यात ओवलेलं लिंबू काढलं, चांगलं टपोरं, मिरच्यांसकट. नवी होडी पाण्यात ढकलायच्या आधी आमच्याकडे हे सगळं होतंच. त्यांनी विमानाच्या नाकाला कुंकू लावलं, समुद्राकडे तोंड करून पुटपुटत देवाला गाऱ्हाणं घातलं, नारळ फोडला. पुढे पंखा फिरणार, तिथे दोरा गुंतेल, हे इंजिनवाल्या माणसाला कोणी सांगायला नको होतं. म्हणून लिंबू ते शेपटीला बांधायला बसले.

जावई माझ्या कानाशी आले. "ताई, शेपूट जड होईल. काढा ते. नाहीतर विमान गेलंच समजा."

त्यांचं बरोबर होतं. नेहमीसारखंच. मी पुढे झाले. आबा वाळूत मांडी घालून बसले होते आणि जीभ दातांत धरून गाठ मारत होते. बाजारात जाऊन माझ्यासाठी त्यांनी आपणहून काही आणल्याचं मला आठवत नव्हतं.

"राहू दे," मी म्हटलं.

विमान धावलं आणि उडालं. उडालं खरं, पण नाक वर करून, आणखी वर करून, शेवटी हवेत जवळजवळ उभंच राहिलं. मी रिमोटची दांडी पुढे रेटून धरली होती, पण ते कुठलं ऐकतंय! एका कुशीवर वळलं आणि पाण्याच्या कडेला येऊन आपटलं.

मी मागे बघितलं. आबांची खुर्ची वाळूत कलंडलेली होती. ते उठले होते, अर्धे नाही, पूर्ण, आणि लुंगी सावरत पाण्याकडे धावत निघाले होते.

मी पोचले तेव्हा त्यांच्या एका हातात फुटलेलं लिंबू होतं आणि दुसऱ्यात पंख. नाक चेपलं होतं, शेपूट मोडलं होतं. आबा मात्र खुशीत होते. "लिंबू फुटला. दृष्ट गेली," ते म्हणाले. मग पंखावरून बोट फिरवत म्हणाले, "फासल्या शाबूत हायत. काम बरा केलंस गो, बाय."

मी वाकून वाळूतलं मोडलेलं शेपूट उचललं.

जावई शेजारी येऊन उभे राहिले होते, बगलेत त्यांचं लाल विमान. 'मी सांगत होतो' असं ते म्हणतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण ते बघत होते त्या लिंबाकडे.

"आबा," ते हसत म्हणाले, पण हसू काही जमलं नाही, "आमच्या विमानाला कधी लिंबू नाही बांधलंत."

"तुमचा विकतचा ना, जावई," आबा सहज म्हणाले. "हा घरात बांधलेला."

जावयांनी लाल विमान या बगलेतून त्या बगलेत घेतलं आणि समुद्राकडे बघायला लागले. ते तोंड माझ्या चांगलं ओळखीचं होतं. किती तरी रविवार तेच तोंड घेऊन मी इथे खुर्ची वाहत होते.