चट्टे शोधण्याची नोकरी

बी.ए. होऊन घरी बसलो होतो, तेव्हा आरोग्य खात्यात नोकरी लागली. काम कुष्ठरोग्यांचं. भोकरदन तालुक्यात सायकलवर गावोगाव फिरायचं, अंगावर चट्टे असलेली माणसं शोधायची, त्यांना गोळ्या द्यायच्या. दुसरं काही मिळेपर्यंत करू, असं मी ठरवलं होतं. आमच्या घरी या कामाचं नावही कुणी घेत नसे.

धावडा गावात चांगल्या शेतकरी घरातल्या एक बाई होत्या. त्यांना डोळे मिटायला सांगून मी दंडावरच्या चट्ट्याला पेनाचं टोक लावलं.

"कुठं लागलं, सांगा मावशी."

त्या डोळे मिटून वाट बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लावा की."

गोळ्यांनी आजार गेला, पण हाताची बोटं वाकडी झाली होती आणि तळपाय बधिर; तिथं जखम झाली तरी कळत नसे. घरात त्यांचं ताट वेगळं, झोपायला गोठ्यालगतची खोली.

"मावशी, आता तुमच्यापासून कुणाला काहीच होत न्हाई," मी सांगितलं.

"मला सांगून काय उपेग? ह्यांना सांगा."

सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. ताट वेगळंच राहिलं. माझं काम तिथं संपलं होतं, तरी त्या गावाला गेलो की पायाची जखम बघून यायचो.

पुढं त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. तो मला शोधत आला.

"सायेब, आई मांडवात येत न्हाई म्हणून राह्यली. पाव्हणे उठून गेले तर, म्हणती. तुमी पहिल्या पंगतीला बसा. ती वाढील."

मी बसलो. त्या बुंदी घेऊन आल्या. माझ्या शेजारचा पाहुणा उठला, त्याच्यामागं आणखी दोघं. मावशींचा हात थांबला.

"वाढा मावशी. बिलकुल थांबू नका."

पंगतीत नवरीचे आजोबा होते. त्यांनी आपली पत्रावळ पुढं सरकवली. "हिकडं बी या, विहीणबाई."

उठलेले परत आले नाहीत. पण सून घरात आल्यावर सासूचं ताट सगळ्यांच्या ओळीत आलं.

नंतर वडिलांनी जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकला. टेबलावरची नोकरी होती. मी नको म्हणालो. ते बराच काळ माझ्याशी बोलले नाहीत. मी मात्र निवृत्तीपर्यंत तेच काम केलं. कितीतरी घरांत माझं कुणी ऐकलं नाही, माणसं वेगळी जेवतच गेली. त्या घरांतही मी जात राहिलो.