आडवा ठेवलेला वीरगळ

आमच्या ह्यांना जुन्या दगडांचं भारी वेड. लग्न झाल्यावर लोक बायकोला महाबळेश्वर दाखवतात. मला ह्यांनी पाटणच्या अंगाला असलेल्या एका खेड्यातले वीरगळ दाखवायला नेलं. कराडहून मोटारीनं आणि पुढं बैलगाडीनं. हाडं खिळखिळी झाली. लढाईचे दिवस होते आणि त्या गावात घरटी एक माणूस पलटणीत होता.

महादेवाच्या देवळामागं लढाईत पडलेल्या वीरांचे दगड ओळीनं उभे होते. गावचे एक पेन्शनर सुभेदार आम्हांला ते दाखवत होते, सोबत त्यांची सून. एका दगडावर कोपरात वाकवलेला बाईचा हात कोरला होता, मनगटभर बांगड्या. "ही नवऱ्यामागं सती गेली. सवाशीणच मेली, म्हणून बांगड्या शाबूत," ह्यांनी उत्साहानं सांगितलं. सून त्या हाताकडं बघत राहिली. मला ते कौतुक मुळीच आवडलं नाही, पण नवी नवरी, ह्यांच्यामागून पुढच्या दगडाकडं गेले.

ओळीच्या टोकाला एक नवा कोरलेला दगड गवतात आडवा पडला होता.

"माझ्या पोराचा," सुभेदार म्हणाले. "बर्म्यात गेला, त्यो परत आलाच न्हाई. दगड उभा केल्याबिगर त्याला पाणी पोचायचं न्हाई. पर ही उभा करू दीना."

"आवं मामंजी, त्यास्नी पडलेलं कुणी बघितलंय?" सून खाली मान घालून म्हणाली.

दगड उभा राहिला की त्याच दिवशी तिचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, अशी तिथली रीत. दगड आडवा होता तोवर ती सवाशीण होती.

सुभेदारांच्या घरी चहा घेऊन आम्ही निघताना ती कुंकवाचा करंडा घेऊन आली. पाहुण्या सवाशिणीला कुंकू लावल्याशिवाय कोण दारातून जाऊ देतं? तिनं बोट बुडवलं तोच सुभेदार म्हणाले, "तू नगं लावूस. शेजारणीला हाक मार."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी तिच्यापुढं कपाळ केलं, तिच्याच हातून लावून घेतलं आणि उलट तिलाही चांगलं ठसठशीत लावलं. तिचे डोळे भरले. "बाई, पुढल्या साली बी या," ती म्हणाली.

पुढल्या साली हे एकटेच गेले. मी बाळंतपणाला माहेरी होते. परत आल्यावर सांगू की नको करत त्यांनी सांगितलं. दगड उभा राहिला होता. बांगड्या फोडायला बायका दारात जमल्या, त्याआधीच तिनं मळ्यातली विहीर जवळ केली होती. सुभेदारांनी पाथरवटाला पुन्हा बोलावून मुलाच्या शेजारी बांगड्यांचा हात कोरून घेतला. आता आल्यागेल्याला ते तो दगड सगळ्यांत आधी दाखवतात.

"रोज सकाळी स्वतः त्या हाताला कुंकू लावतात," हे म्हणाले.

त्यानंतर मी ह्यांच्याबरोबर दगड बघायला कधी गेले नाही.