प्रतिकूल शेरा

प्रभाकरराव खिरवडकरांनी पस्तीस वर्षांच्या नोकरीत कोणाचंही वाईट लिहिलं नाही. ही गोष्ट ते स्वतःच इतक्यांदा सांगत, की यांना चांगल्याशिवाय काही लिहिताच येत नसावं अशी शंका ऐकणाऱ्याला यावी. शंका बरोबर होती. कालवे आणि पुलिया, म्हणजे छोटे पूल, बांधणाऱ्या एका सरकारी कचेरीत ते साधे कारकून म्हणून चिकटले आणि बडे बाबू होऊन निवृत्त झाले. मधल्या काळात त्यांनी एकच कला कमावली, ती म्हणजे गोपनीय चरित्रावलीचा मसुदा करण्याची.

ज्यांना सरकारी नोकरीचा वारा लागलेला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. दर वर्षी साहेबाने हाताखालच्या माणसाबद्दल गुप्त शेरा लिहायचा असतो आणि त्यावर त्या माणसाची बढती ठरते. साहेब आळशी असत, म्हणून मसुदा प्रभाकरराव करत. आठवड्यातून तीन दिवस उगवणारा ड्राफ्ट्समन त्यांच्या लेखणीतून ‘स्वतंत्र वृत्तीचा’ होऊन निघे. दुपारपासून झिंगलेला ओव्हरसियर ‘मनमोकळा’ ठरे. एकाने बांधलेली पुलिया पहिल्याच पुरात वाहून गेली, तर त्याला यांनी ‘कामाचा उरक दांडगा’ असं प्रशस्तिपत्र दिलं, आणि त्याला पुढची पुलिया मिळाली. या सगळ्याच्या मागे काही दया होती, जुनी जखम होती, असं कोणाला वाटेल. तसं काही नव्हतं. माणूस भित्रा होता आणि त्या भित्रेपणाला तो सज्जनपणा म्हणत असे.

हे सगळं त्यांच्या सुनेला, अलकाला, लग्नानंतर वर्षभरात कळून चुकलं होतं. ती देवासची, मास्तरांची मुलगी. उज्जैनला माधव नगरातल्या त्या चार खोल्यांच्या घरात आल्यावर तिच्या लक्षात आलं, की इथे डाळीत मीठ जास्त झालं तरी ‘चव उठावदार आहे’ असं म्हणतात. ती मनातल्या मनात नाक मुरडायची आणि कामाला लागायची. सासऱ्याचा राग येण्याइतकीही किंमत तिने त्यांना बरीच वर्षं दिली नाही. राग आला तो मधुरामुळे.

मधुरा तिची मुलगी, नऊ वर्षांची, चौथीत. टीव्हीवर चाळीस वाहिन्या आल्या आणि गल्लोगल्ली भाड्याच्या बंगल्यांतून टाय लावणारे इंग्रजी स्कूल निघाले, त्या दिवसांतली ही गोष्ट. मधुरा अशाच एका स्कूलमध्ये जायची. दप्तर शाळेत, डबा रिक्षात आणि एक चप्पल भलतीकडेच, अशी घरी यायची. पाच गणितं सुरू करायची आणि एकही पुरं करायची नाही. बाईंचा प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायची, तेही आधीच्या प्रश्नाचं. वर्गात तिला बसवलं तर पाय हलायचे, पाय धरले तर बाक हलायचा. पोर दुष्ट नव्हती, आळशी तर मुळीच नव्हती. रोज शिव्या खाऊन रोज संध्याकाळी ‘उद्या मी नीट वागीन’ असं आईला सांगायची आणि उद्या तेच व्हायचं.

जानेवारीत प्रिन्सिपलबाईंनी अलकाला बोलावून घेतलं. फेब्रुवारी संपायच्या आत डॉक्टरचं पत्र आणा, म्हणजे मुलीला पुढच्या बाकावर घेऊ, परीक्षेत अर्धा तास जास्त देऊ. पत्र नाही आलं तर टी.सी. घेऊन जा. दुसरं कुठलं स्कूल वर्षाच्या शेवटी अशी मुलगी घेणार नव्हतं, आणि मधुराला याच शाळेतली एकुलती एक मैत्रीण होती. अलकाला आणखी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

घरच्या पुरुषांचे उपाय तोवर होऊन गेले होते. मधुराचे वडील, प्रसाद, फ्रीगंजात टावर चौकाजवळ वॉशिंग मशीनच्या शोरूममध्ये होते. त्यांनी पत्रिकेत मंगळ काढला आणि मंगलनाथच्या देवळात जाऊन मंगळाच्या शांतीची भातपूजा करून आणली. पूजेला मधुरा चार मिनिटं बसली, मग तिने भटजींच्या ताम्हनातली फुलं रंगांप्रमाणे वेगळी लावून दिली. प्रसादराव त्यानंतर ‘ग्रहांचं आहे, वेळ लागेल’ असं म्हणून मोकळे झाले. अलकाने मात्र एका मासिकात अशा मुलांविषयी वाचलं, एस.टी.डी. बूथवरून इंदूरला चार फोन केले आणि मुलांच्या मनाच्या आजारांवर काम करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ मिळवली. बाईंनी आधी दोन फॉर्म टपालाने पाठवले. एक घरच्यांनी भरायचा, एक शाळेतल्या बाईंनी. अठरा वाक्यं, आणि प्रत्येकापुढे खूण करायची: कधीच नाही, कधी कधी, बरेचदा, नेहमी.

फॉर्म इंग्रजीत होते, एवढ्यावरून प्रभाकररावांनी ते ताब्यात घेतले. ‘हे माझ्याकडे दे. सरकारी कागदाला भाषा लागते,’ ते म्हणाले.

‘नाना, हा सरकारी कागद नाही.’

‘कागद तो कागद.’ त्यांनी चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी दोन्ही फॉर्म चिकटवलेल्या लिफाफ्यात तयार होते. शाळेच्या फॉर्मवर वर्गशिक्षिका अपर्णाबाईंची सही होती. त्यांच्या पक्क्या नोकरीचा अर्ज एकदा प्रभाकररावांनीच लिहून दिला होता, त्यामुळे बाईंनी न वाचता सही ठोकली होती. अलकाने लिफाफा फोडला नाही. ही तिची चूक, आणि ती पुढे स्वतःला यासाठी भरपूर बोलली.

इंदूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लिफाफा उघडला, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि खुणांवरून बोट वरून खाली फिरवलं. अठरा गुणिले दोन, छत्तीस खुणा. छत्तीसच्या छत्तीस ‘कधीच नाही’च्या रकान्यात, एका सरळ रेषेत, पट्टी लावल्यासारख्या. खाली सुरेख अक्षरात लिहिलं होतं, ‘वर्तणूक अत्युत्तम.’ मधुरा तेवढ्यात टेबलाखालून पलीकडे निघून बाईंच्या खुर्चीची चाकं मोजत होती.

‘या कागदांप्रमाणे हिला काहीच नाहीये,’ बाई म्हणाल्या. ‘मला समोर दिसतंय ते वेगळं आहे. पण घर आणि शाळा, दोन्ही ठिकाणी त्रास होतो हे कागदावर आल्याशिवाय मी पत्र नाही देऊ शकत. कोणी भरलेत हे?’

‘सासऱ्यांनी,’ अलका म्हणाली. लाजेने तिचे कान तापले. मग त्या लाजेचा संताप झाला, आणि तो उज्जैनच्या स्टँडपर्यंत उतरला नाही.

बाईंनी दोन कोरे फॉर्म दिले, दहा दिवसांनंतरची वेळ दिली, आणि शिवाय अर्धा तास बसून अलकाला कामाचं काहीतरी सांगितलं. एका वेळी एकच सूचना द्या. तोंडासमोर जाऊन द्या, स्वयंपाकघरातून ओरडून नको. अभ्यासाचे लहान तुकडे करा, मध्ये उठू द्या. बरं केलं की तिथल्या तिथे सांगा, रविवारची वाट बघू नका. हलणं बंद करायला जाऊ नका, त्याला जागा द्या. औषधाचं पुढे बघू.

घरी प्रभाकररावांना जाब विचारला तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं. खरोखरच वाटलं, यातच सगळं आलं.

‘देखो सूनबाई,’ ते म्हणाले, ‘कागद एकदा फाइलीत लागला की निघत नाही. लडकी की जात आहे. उद्या स्थळ येईल, कोणी हा कागद काढून दाखवला तर? मी तिचा रेकॉर्ड साफ ठेवला.’

‘रेकॉर्ड साफ ठेवला आणि शाळेतून नाव कापायची वेळ आणली.’

‘प्रतिकूल शेरा मी आजवर मारला नाही. घरच्या पोरीवर मारू?’

प्रसादराव टीव्हीचा आवाज वाढवून बसले. त्यांच्याबद्दल एवढं पुरे.

अलकाने दुसऱ्या दिवसापासून पाढे जिन्यावर घ्यायला सुरुवात केली. एका पायरीला एक आकडा, वर जाताना सरळ, उतरताना उलट. सात आठवड्यांत जो सातचा पाढा जिभेवर बसला नव्हता तो तीन दिवसांत पायांत बसला. सगळं काही सुरळीत झालं असं नाही. डबा अजूनही हरवत होता, चौथ्या दिवशी तर सगळं दप्तरच गेलं. पण संध्याकाळचं रडणं निम्मं झालं. ‘मुलीला जिन्यावर नाचवून कुठे विद्या येते?’ असं प्रभाकरराव मराठी वाचनालयात जाऊन बोलले, आणि तिथल्या पेन्शनरांनी माना डोलावल्या. माना डोलावणं हेच त्यांचं तिथलं काम होतं.

शाळेचा फॉर्म घेऊन अलका स्वतः अपर्णाबाईंकडे गेली आणि त्या भरेपर्यंत समोर उभी राहिली. बाईंनी आधी आढेवेढे घेतले, मग एक खूण केली, मग दुसरी, आणि मग त्यांचा हात थांबेना. वर्षभर जे पोरीवर ओरडण्यात गेलं ते दोन मिनिटांत कागदावर उतरलं. घरचा फॉर्म अलकाने शनिवारी दुपारी शब्दकोश घेऊन भरला. पंधरा खुणा ‘नेहमी’त पडल्या. भरताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं, तरी तिने एकही बदलली नाही.

रविवारी सकाळी प्रभाकररावांनी तो कागद टेबलावरून उचलला. फाडायची त्यांची हिंमत नव्हती. त्यांनी कचेरीतला नियम काढला. प्रतिकूल शेरा मारला तर तो संबंधित व्यक्तीला वाचून दाखवावा लागतो आणि तिचं अभ्यावेदन, म्हणजे तिचं म्हणणं, मागवावं लागतं. हिशेब उघड होता. पोर ऐकेल, रडेल, आणि आई स्वतःच कागद मागे घेईल. असला डाव नऊ वर्षांच्या नातीवर टाकणाऱ्या माणसाला शहाणा म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे.

अलका कणीक तिंबत होती. हात धुऊन बाहेर येईपर्यंत वाचन सुरूही झालं होतं. मधुरा खिडकीच्या गजांना लोंबकळत होती आणि प्रभाकरराव कचेरीतल्या आवाजात एकेक वाक्य मराठी करून वाचत होते. लक्ष लागत नाही, नेहमी. वस्तू हरवते, नेहमी. सांगितलेलं पुरं करत नाही, नेहमी. जागेवर बसत नाही, नेहमी. अलका त्यांच्या हातातून कागद ओढायला पुढे झाली, पण मधुराचा चेहरा बघून थांबली. पोर रडत नव्हती. ती खाली उतरून जवळ आली होती.

‘आजोबा, हे आईने लिहिलंय?’

‘खुणा आईने केल्यात. वाक्यं छापलेली आहेत.’

‘छापलेली?’ तिने कागदाला बोट लावून पाहिलं. ‘मग याच्या खूप कॉप्या असतील ना?’

‘असतील.’

‘मग अजून पण मुलं असतील अशी. खूप सारी.’ तिने कागदावरचं बोट काढून घेतलं. ‘मला वाटायचं मी एकटीच खराब आहे.’

नऊ वर्षांची पोर हे उराशी घेऊन रोज दप्तर उचलत होती आणि घरातल्या एकालाही पत्ता नव्हता, अलकालाही नाही.

प्रभाकररावांचा डाव फसला होता, पण नियम अर्धा राहिला होता. ‘तुझं काही म्हणणं?’ त्यांनी विचारलं.

‘मी मुद्दामून नाही करत,’ मधुरा म्हणाली. ‘मला यादच राहत नाही. ते कुठे लिहिलंय?’

त्यांनी अठराही वाक्यं वरून खाली पाहिली, मग खालून वर. ‘त्याला रकाना नाही,’ ते म्हणाले.

अलकाने कागद घेतला आणि समासात, आपल्या गिचमिड अक्षरात, देवनागरीतच लिहिलं: मुद्दाम करत नाही. प्रभाकररावांनी सवयीने सहीसाठी पेन उघडलं. ‘तुमची नको, नाना,’ ती म्हणाली, आणि कागद पिशवीत घातला.

सोमवारी अलका ठरलेल्या वेळेला इंदूरला जाऊन पत्र घेऊन आली; मंगळवारी ते शाळेत नेलं तेव्हा महिना संपायला तीन दिवस होते. प्रिन्सिपलबाईंनी ते वाचलं, एक प्रत ठेवून घेतली, आणि पुढचा बाक मोकळा करायला सांगितलं. संध्याकाळी मधुराने मूळ पत्र स्वतः हातात धरून घरी आणलं. रस्त्यात ते हरवलं नाही. प्रभाकरराव व्हरांड्यात बसले होते. त्यांनी चष्मा लावला आणि हात पुढे केला.

‘आण बेटा, बघू. फाइलीला नीट लावून ठेवतो.’

मधुराने पत्र पाठीमागे नेलं. ‘नको आजोबा,’ ती म्हणाली, ‘तुम्ही त्यात चांगलं लिहाल.’