चादरीवरच्या बोंडअळ्या

माझे मोठेबाबा वेडे झाले नव्हते. हे आधीच लिहून टाकते, कारण आमच्या गावात आणि बाभुळगावच्या बाजारात काही तोंडं अजूनही तसं बोलतात.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. सत्तरी ओलांडलेले, कानाला मशीन, डोळ्याला जाड चष्मा. विहारात दर रविवारी वंदना तेच घेतात. ते एकेक शील म्हणतात, आम्ही मागून म्हणतो. माझ्या वयाच्या प्रत्येकाला पंचशील त्यांच्याच आवाजात पाठ आहे.

त्यांच्या आतड्याला छिद्र पडलं. यवतमाळला नेऊन तातडीने पोट उघडलं, पू काढला आणि ऑपरेशन झालेल्यांच्या आयसीयूत ठेवलं. सुरुवातीला नीट बोलत होते. मग हात थरथरायला लागले, घाम सुटला, आणि ते चादरीवरच्या बोंडअळ्या वेचायला लागले. पांढऱ्या चादरीवर काहीही नव्हतं. ते मात्र चिमटीत धरून एकेक अळी खाली टाकत होते आणि सिस्टरला सांगत होते, "पोरी, फवारा आण, सारं पीक गेलं."

मी रुग्णांच्या हक्कांचं काम करते. पत्रकं लिहिते, वाटते, वेळ पडली तर साहेबांच्या दारात बसते. मोठेबाबांचे हात पलंगाला बांधलेत असं कळलं तेव्हा मी पिशवीत पत्रकं घालूनच निघाले. आत गेल्या गेल्या सिस्टरवर तुटून पडले.

"माणूस आहे की जनावर? कोणाच्या परवानगीने बांधलं?"

सिस्टर सलाईन लावता लावता म्हणाली, "ताई, त्यांनी नाकातली नळी दोनदा उपटली. पोटाची उपटली तर पुन्हा ऑपरेशन. तुम्ही धरून बसता का? बसा. मी आत्ता सोडते."

मी पत्रकांची पिशवी पाठीमागे घेतली. माझा राग मात्र खोटा नव्हता. वर पांढरे दिवे, रात्र नाही की दिवस नाही, खिडकीला पडदा. चष्मा आणि कानाचं मशीन ऑपरेशनच्या आधी काढून घेतलेलं. माझ्या चुलतभावाने, त्यांच्या मुलाने, ते दोन्ही जपून गावाला पाठवून दिलेलं! का, तर दवाखान्यात चोरी होते. म्हणजे आधीच तापलेल्या माणसाला आंधळा-बहिरा करून अनोळखी लोकांत टाकायचं आणि वर म्हणायचं, बुढा भ्रमला.

भेटीच्या वेळी भूलतज्ज्ञ मॅडम बाहेर आल्या. बाकावर आम्ही होतो: मोठीमाय, म्हणजे मोठेबाबांची बायको, दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, आणि विहाराच्या समितीतली दोन वडीलधारी माणसं. मॅडम उभ्याउभ्याच बोलल्या.

"हे वेड नाही. याला डिलिरियम म्हणतात. मेंदू काही काळ गोंधळतो. वय, पोटातला पू, मोठं ऑपरेशन, दुखणं, झोप नाही, दिसत नाही, ऐकू येत नाही. प्रत्येक गोष्ट माणसाला थोडं थोडं ढकलते. यांना आणखी काहीतरी ढकलतंय. घरी विसराळूपणा होता?"

"नाही," दादा म्हणाला.

"झोपेची गोळी? तंबाखू?"

"गोळी नाही. खर्रा कधीमधी."

"दारू?"

"नाही, नाही!" दादा. आणि त्याच्या मागोमाग समितीतले एक काका, छाती काढून: "मॅडम, आमचे भाऊ पाचही शीलं पाळतात. अख्ख्या मोहल्ल्याले तेच सांगतात."

पाचवं शील म्हणजे नशा करणार नाही, हे मॅडमना सांगायची गरज पडली नाही. त्या म्हणाल्या, "मी कोणाची परीक्षा घेत नाही. रोजची दारू अचानक सुटली की असं होऊ शकतं. त्याचं औषध वेगळं. दुसऱ्या कारणाने असेल तर तेच औषध गोंधळ वाढवतं. आणि दारूचं असून मी ते दिलं नाही, तर जिवावर बेतेल. म्हणून पुन्हा विचारते."

दादाने पुन्हा नकारार्थी मान हलवली. डॉक्टरपुढे घरच्या माणसाचं सर्टिफिकेट चकचकीत ठेवायचं, ही आमची जुनी सवय. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या घाणेरडे म्हटलं गेलं, त्यांना आपली चादर जरा जास्तच पांढरी दाखवावी लागते. हे मला कळतं. पण म्हणून माणूस मरू द्यायचा?

मोठीमायेने डोक्यावरचा पदर नीट केला. चारचौघांत पुरुषांचा शब्द खोडताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"पेतात," ती म्हणाली. "रोज पेतात, मॅडम. दिवस बुडला का गोठ्यामागं. गिलास मीच धुतो."

"माय! चूप बस!"

"तू चूप. तुले बापाची इज्जत पाह्यजे का बाप पाह्यजे?"

काका कळवळले. "वयनी, लोकाईत कायले बोलून राह्यल्या?"

"भाऊजी, तुमाले मालूम नोतं? आर्णीच्या लग्नातून त्याईले गाडीवर दोघाईच्या मधात बसवून कोणं आणलं व्हतं? माह्या बापानं?"

काकांनी मोबाइल काढला आणि त्यात फार महत्त्वाचं काही आल्यासारखं बघत बसले. दुसरे काका खोकले, पण तो खोकला नव्हता, हसू होतं.

मॅडमच्या चेहऱ्यावर आश्चर्य नाही की तिरस्कार नाही. किती, किती वर्षं, शेवटची कधी, एवढंच विचारलं. मोठीमायेने प्रत्येकाचं उत्तर दिलं, आवाज न वाढवता, कोणाकडे न बघता. भाषणं मीही करते. माइक असतो, टाळ्या असतात. इथे बाकावर बसून, नवऱ्याच्या ज्या नावावर तिचं स्वतःचं नाव टेकलं होतं तेच नाव तिने जमिनीवर ठेवलं आणि माणूस उचलला. मी एवढं धाडस कुठल्याही मोर्चात पाहिलेलं नाही.

औषध बदललं. दादा मोटारसायकलवर गावाला जाऊन चष्मा आणि मशीन घेऊन आला. सिस्टरने पडदा सारला, नियम वाकवून मोठीमायेला शेजारी बसू दिलं आणि हात सोडले. ती त्यांचा हात धरून सांगत राहायची: हा दवाखाना आहे, आतडं फाटलं होतं, आता दुपार आहे. ते अळ्या वेचायला लागले की म्हणायची, "मी वेचतो, तुमी झोपा."

ते एकदम बरे झाले नाहीत. एक दिवस ओळखायचे, दुसऱ्या दिवशी शिव्या द्यायचे. मग एका सकाळी त्यांनी चष्म्यातून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तू इथं काहून? घरी म्हैस कोण पाहून राह्यलं?"

मॅडम तिथेच होत्या. म्हणाल्या, "हे अगदी बरोबर बोलले." आणि सिस्टरसकट आम्ही सगळे हसलो.

मोठीमायेने मॅडमना सगळं सांगितलंय, हे त्यांना घरी आल्यावर कळलं. समितीतल्या काकांनीच सांगितलं, दुसरं कोण सांगणार? मोठेबाबा कित्येक दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ती ताट ठेवायची, ते जेवायचे. मी चिडून विचारलं, तुला वाईट नाही वाटत? म्हणाली, "रुसाले जित्ता माणूस लागते, बाई."

मग एका रविवारी ते विहारात आले. गाल बसलेले, काठी टेकत. नेहमीच्या जागी बसून वंदना सुरू केली. चार शीलं झाली. पाचव्याला थांबले. सगळ्यांच्या नजरा चटईवर. मी मुठी आवळून बसले होते, कोणी हसलं तर त्याचं काय करायचं ते ठरवून.

मोठेबाबा बायकांच्या बाजूला वळले. "तू सांग," म्हणाले.

मोठीमायेने पाचवं शील सांगितलं, तिच्या त्याच न चढणाऱ्या आवाजात. आणि मोठेबाबांनी आमच्यासोबत ते मागून म्हटलं, कमी ऐकणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, सगळ्यांच्या वर.

आता पाचवं तीच सांगते. त्यांनी खरंच सोडली का, असं मला लोक विचारतात. मी म्हणते, मोठीमायेला विचारा. ती सांगेल.